हा उमेदवार आपला कोण लागतो?

टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर बाईंनी काय करावं, याबद्दल ज्याच्या त्याच्याकडे सल्ला तयार होता. लेक म्हणाली, आराम कर. शेजारीण म्हणाली, गुडघे धरायच्या आत रोज चालायला लाग. बाईंनी आठवडाभर आराम केला, दोन दिवस चालूनही पाहिलं, आणि मग जुन्या ऑफिसातल्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं तशा परीक्षांवर पर्यवेक्षक म्हणून जायला लागल्या. कायमचं काम नव्हतं. बोलावणं आलं की जायचं, नाही आलं की घरी बसायचं. कधी नर्सेसच्या परीक्षा, कधी टायपिंगच्या, पण जास्त करून खाणवाल्यांच्या.

गावाच्या आसपास खाणी होत्या, आणि खाणीत लेखी परीक्षा दिल्याशिवाय माणसाला एक पायरी वर चढता येत नाही, हे बाईंना तिथे गेल्यावरच कळलं. सुरुंग लावायचा तर परीक्षा, वायू तपासायचा तर परीक्षा, पाळी सांभाळायची तर सगळ्यात मोठी परीक्षा. एवढाले दांडगे पुरुष शाळेच्या बाकांवर गुडघे दुमडून बसत. त्यांच्या बोटांत पेन आगकाडीएवढं दिसे. रोज डोक्यावर डोंगर घेऊन काम करणारी माणसं, पण प्रश्नपत्रिका समोर पालथी ठेवली की रुमाल शोधायला लागत. बाईंना त्यांची माया वाटायची. सूचना वाचताना त्या एक्स्चेंजमधला जुना आवाज काढत, ठणठणीत आणि गोड, आणि शेवटच्या बाकावरचा माणूससुद्धा मान वर करून ऐके. केंद्रावर सगळे त्यांना ऑपरेटरबाईच म्हणत.

त्या दिवशी खरं तर बाईंना गावाच्या दुसऱ्या टोकाला नर्सेसच्या परीक्षेला जायचं होतं. लेक डबा घेऊन केव्हाच बाहेर पडली होती. बाई चपला घालणार, तेवढ्यात केंद्रप्रमुखांचा फोन आला. "बाई, इकडचा एक जण पोट धरून बसलाय. तुम्ही इकडेच या. तिकडे मी दुसरं कुणीतरी पाठवतो."

"इकडे म्हणजे?"

"खाणवाले. पाळीप्रमुखांची परीक्षा."

बाई गेल्या. हॉल फर्निचरच्या दुकानाच्या वर होता, त्यामुळे जिन्यापासूनच पॉलिशचा वास यायचा. भिंतीवरचं घड्याळ भलतीच वेळ दाखवायचं आणि कुणाला दुरुस्त होत नव्हतं, म्हणून त्याच्याखाली कागद चिकटवला होता: 'हे घड्याळ पाहू नये'. अर्थात कागद वाचायला मान वर केली की घड्याळच आधी दिसे.

पोचल्या पोचल्या त्यांनी नेहमीच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली. माझा कोणीही नातेवाईक या परीक्षेस बसलेला नाही. बाई ते आता वाचतही नसत. आणि कोण बसणार होतं? सगळं घर म्हणजे एक लेक, आणि ती विमा कंपनीत कामाला.

दुसरे पर्यवेक्षक म्हणजे निवृत्त बस कंडक्टर. ते दारातून उमेदवारांना आत घेत, "चला, पुढे सरका, आत जागा आहे," म्हणत. बाई दाराशी टेबल घेऊन ओळखपत्रं तपासत होत्या. फोटो बघायचा, चेहरा बघायचा, खूण करायची. फोटो, चेहरा, खूण. असं चाललेलं असताना एक ओळखपत्र समोर आलं आणि त्यांना आधी शर्ट ओळखीचा वाटला. बारीक चौकटीचा, कॉलरला निळी पट्टी. हा शर्ट आपण घेतला होता. दुकानात दोन तास उभं राहून घेतला होता. लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला.

त्यांनी वर पाहिलं.

"आई," तो म्हणाला. मग लगेच घसा खाकरून म्हणाला, "मॅडम."

तो त्यांचा जावई होता. म्हणजे होता एकेकाळी. लेकीचा आणि त्याचा काडीमोड होऊन दोन वर्षं झाली होती. का झाला, हे बाईंना आजपर्यंत कळलं नव्हतं. मारहाण नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. लेकीला विचारलं तर ती म्हणे, "जमलं नाही, आई." त्याला विचारायला जावं, तर तो समोरच आला नाही. दोघांनी ताकास तूर लागू दिली नाही. लेक घरी परत आली म्हणून बाईंनी रीतीप्रमाणे त्याच्यावर राग धरला होता, पण कशाबद्दल धरलाय हेच ठाऊक नसल्याने तो राग नीट पेटत नसे, ओल्या लाकडासारखा नुसता धुमसे.

आता त्याला तुम्ही म्हणावं की तू? लग्नाच्या वेळी त्या अहो-जाहो करत. वर्षभरात तो घरचाच झाला, मग तू झाला. आता काय? बाईंनी दोन्ही टाळलं. "फोटो जुना आहे," एवढंच म्हणाल्या आणि खूण केली.

"हो," तो म्हणाला. "नवा काढायचा राहिला."

तो पिशव्यांच्या टेबलाकडे गेला. मोबाइल, पुस्तकं, खाण्याचं सामान सगळं तिथे ठेवायचा नियम होता. तळाशी गेलेलं पेन काढायला त्याने पिशवीतलं सामान एकेक करून टेबलावर मांडलं. पाण्याची बाटली. टॉवेल. डबा.

डब्याच्या कडीला पिवळी-निळी तार गुंडाळलेली होती.

ती टेलिफोनची तार होती. कडी सैल झाली तेव्हा बाईंनी स्वतः, एक्स्चेंजमधून आणलेल्या तुकड्याने ती आवळली होती. जगात असा दुसरा डबा असणं शक्य नव्हतं. आणि आज सकाळी तो डबा त्यांच्या ओट्यावर होता. लेकीने त्यात भात भरला, झाकण लावलं, "येते गं," म्हणाली आणि ऑफिसला गेली.

बाई बघतच राहिल्या. पाठीमागे रांग खोळंबली.

कंडक्टर जवळ आले. "काय झालं, ऑपरेटरबाई? राँग नंबर लागला का?"

"माझा डबा त्या माणसाच्या पिशवीत आहे."

"चोर?" कंडक्टरांनी लगेच बाह्या सरसावल्या. आयुष्यभर पाकीटमारांशी गाठ पडलेला माणूस.

"अहो थांबा! चोर नाही. जावई आहे."

"कुणाचा?"

"माझा. म्हणजे होता."

कंडक्टरांनी बाह्या पुन्हा खाली केल्या, पण कुठपर्यंत कराव्यात ते त्यांना समजेना. "मग डबा कसा काय आला त्याच्याकडे?"

"तेच मला कळत नाहीये ना!"

बाईंच्या डोक्यात आता एकाच वेळी दहा ठिकाणच्या घंट्या वाजत होत्या. लेकीने डबा त्याला दिला. म्हणजे सकाळी भेटली. म्हणजे भेटतात. रविवारी ती जाते ते शिवणाच्या क्लासला की आणखी कुठे? सहा महिने क्लास चाललाय आणि घरात अजून साधी उशीची खोळ शिवून झालेली नाही, याचा आपण विचार कसा केला नाही? आणि तेवढ्यात त्यांना आपली सही आठवली. माझा कोणीही नातेवाईक नाही. हा नातेवाईक आहे का? काडीमोड झाला तेव्हा नव्हता. पण डबा पोचतोय म्हणजे? तळ्यात की मळ्यात?

गप्प बसणं सोपं होतं. कंडक्टर काही बोलले नसते. बोललं तर हात दाखवून अवलक्षण, आणि ते अवलक्षण आपल्यापेक्षा त्याच्या कपाळी जास्त. पण एक्स्चेंजमध्ये एवढी वर्षं काढली ती एकाच नेमाने, जे आहे ते सांगायचं, जोडायचं आणि बाजूला व्हायचं. बाई उठल्या आणि केंद्रप्रमुखांच्या खोलीत गेल्या.

केंद्रप्रमुख पाकिटांची सीलं तपासत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"बाई, साधं विचारतो. हा उमेदवार तुमचा कोण लागतो?"

"आधी जावई लागायचा. मग काही लागेनासा झाला. आता लागतो की काय, ते मला सांगता येत नाही."

"असं कसं? होय किंवा नाही, एवढंच सांगायचं असतं."

"मग तुम्हीच सांगा. काडीमोड झालेला जावई नातेवाईक असतो का?"

केंद्रप्रमुखांनी नियमांची पुस्तिका उघडली. रक्ताचे नातेवाईक दिले होते, लग्नाने झालेले दिले होते. लग्न मोडल्यावर त्यांचं काय होतं, याबद्दल चकार शब्द नव्हता. त्यांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला. बराच वेळ तिकडून वाजणारं संगीत ऐकत ते भिंतीकडे बघत राहिले. मग कुणीतरी बोललं. केंद्रप्रमुख "हो, पण", "नाही, तसं नव्हे", "डबा हो, जेवणाचा डबा" असं काहीबाही म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

"ते म्हणतात, संबंध चालू आहेत की बंद, हे घरच्यांनाच विचारा."

तेव्हा बाईंनी लेकीला फोन केला. केंद्रप्रमुखांसमोरच करावा लागला.

"आई? तू आत्ता फोन कसा केलास? परीक्षा नाही का?"

"आहे. खाणवाल्यांची आहे."

"तू तर नर्सेसच्या परीक्षेला जाणार होतीस," लेक म्हणाली, आणि तिचा आवाज लहानपणी काचेचं भांडं फुटलं की व्हायचा तसा झाला.

"ते राहू दे. मला फक्त एक सांग. हा माणूस आपला कोण लागतो?"

"आई..."

"होय की नाही, एवढंच सांगायचंय. इथे साहेब बसलेत."

लेक म्हणाली, "मलाच नाही गं माहीत."

बाईंनी फोन ठेवला आणि केंद्रप्रमुखांना म्हणाल्या, "तिलाही माहीत नाही."

केंद्रप्रमुख स्वभावाने भले होते. त्यांनी पुस्तिका मिटली आणि सांगितलं, "मग आपण धरून चालू की आहे. तुम्ही आत यायचं नाही. बाहेर पिशव्यांपाशी बसा. पण वहीत नोंद करावी लागेल, आणि त्याच्या पेपरवर शेरा मारावा लागेल. पुढे काय होईल ते माझ्या हातात नाही."

बाई बाहेर स्टुलावर बसल्या. अर्धवट उघड्या दारातून त्यांना दिसलं, केंद्रप्रमुख त्याच्या बाकापाशी वाकून काहीतरी कुजबुजले. त्याने दाराकडे मान वळवली. त्या नजरेत राग होता, की भीती, की नुसतंच हे काय चाललंय असा प्रश्न, ते बाईंना ओळखता आलं नाही. आवाजावरून माणूस ओळखायची सवय त्यांना, चेहऱ्यावरून नाही. मग तो खाली बघून लिहायला लागला.

सूचना कंडक्टरांनी वाचल्या. "सर्वांनी आपापलं तिकीट, म्हणजे प्रवेशपत्र, समोर ठेवावं," असं काहीतरी म्हणाले.

मधे एकदा तो पाणी प्यायला बाहेर आला. बरोबर कंडक्टर होते. नियमाप्रमाणे कुणी कुणाशी बोलायचं नव्हतं. तो पिंपाशी उभा राहिला, पेला भरला, संपवला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "पाणी गार आहे." ते बाईंना उद्देशून होतं का, याचा त्या पेपर संपेपर्यंत विचार करत बसल्या.

पेपर सुटायच्या आधीच लेक जिन्यावर हजर. अर्धी रजा टाकून, धापा टाकत आली होती. मायलेकी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, पण पिशव्या सोडून बाईंना हलता येईना, आणि वर येऊन बोलायचं लेकीच्या जिवावर आलं. शेवटी तो बाहेर आला, पिशवी उचलली आणि तिघंही खाली उतरली.

फर्निचरवाल्याने फुटपाथवर एक सोफा विकायला मांडला होता. बाई सरळ जाऊन त्यावर बसल्या. त्यांच्या एका बाजूला लेक बसली. तो उभाच राहिला, मग लेकीने डोळ्यांनी खुणावलं तेव्हा दुसऱ्या बाजूला टेकला. दुकानदार लगबगीने बाहेर आला.

"घरासाठी बघताय का? तीन माणसांना अगदी ऐसपैस आहे."

मग तिघांचे चेहरे बघून दुकानदार आपला हसून आत गेला.

"आता बोला," बाई म्हणाल्या. "कुणीतरी एकाने बोला. मी आज सकाळपासून वेड्यासारखी झालेय."

लेक बोलली. लग्नानंतर चौथ्या वर्षी खाणीत छत बसलं आणि तो पलीकडे अडकला होता. दिवसभरात सुखरूप बाहेर काढलं, खरचटलंदेखील नव्हतं. बाईंना हे ठाऊक होतं, त्या तेव्हा भेटायलाही गेल्या होत्या. पण त्यानंतर लेकीला घास गिळेनासा झाला, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तो पाळीला गेला की ती दारात जाऊन बसायची. तिने त्याला खाण सोडायला सांगितलं. तो नाही म्हणाला.

"दुसरं काही येत नाही मला," तो हळूच म्हणाला.

"तेच म्हणाला होता. मग मी म्हटलं, रोज विधवा होण्यापेक्षा एकदाच काय ते होऊ दे. आले निघून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू म्हणाली असतीस, सगळ्यांच्याच बायका राहतात."

बाई अगदी हेच म्हणाल्या असत्या.

"मग आता डबे कसले पोचतायत?"

यावर दोघंही एकदम बोलायला लागली आणि एकदम थांबली. मग त्याने सांगितलं. पाळीप्रमुखाची परीक्षा द्यायची होती. वाचून त्याच्या डोक्यात काही राहत नाही, कुणी प्रश्न विचारले तरच राहतं. शाळेपासून तसंच. आणि प्रश्न विचारायला कुणी नव्हतं. खूप दिवस विचार करून त्याने तिला फोन केला. ती 'नाही' म्हणून फोन ठेवील असंच त्याला वाटलं होतं.

"मी ठेवणारच होते," लेक म्हणाली. "पण म्हटलं, एक रविवार. बागेत बसलो. पहिलाच धडा छताला आधार कसा द्यायचा याचा. मी विचारत होते आणि तो सांगत होता. खांब कुठे उभा करायचा, छत ठोकून बघितलं की कसला आवाज आला तर मागे फिरायचं, हवा कुठून येते, कुठून जाते. आई, मी चार वर्षं त्याच्या घरात होते आणि खाली काय असतं, मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. नुसता काळोख दिसायचा."

"आणि आता भीती गेली?"

"नाही गेली. पण आता निदान कशाची वाटते ते सांगता येतं."

"म्हणजे तुम्ही दोघं आता..." बाईंनी वाक्य अर्धवट सोडलं. कुठला शब्द वापरावा ते त्यांना सुचेना.

"आम्ही अभ्यास करतो," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

मग लेकीला शेऱ्याबद्दल कळलं आणि ती भडकली. भर फुटपाथवर भडकली. "तुला गप्प बसवलं नाही का गं? सहा महिने घासलंय त्याने! कोण बघायला येणार होतं?"

"मी होते ना बघायला," बाई म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज जरा चाचरला. खरंच आपण बरोबर केलं की घरचं वाटोळं केलं, त्यांना काही उमगत नव्हतं.

"बरोबर केलं त्यांनी," तो म्हणाला. "खाली कुणी असं गप्प बसला की माणसं मरतात." आणि मग, थोडं थांबून, "पेपर मात्र चांगला गेला होता."

निकाल अडकला. कार्यालयाकडून आधी चौकशीचं पत्र आलं, मग त्याला बोलावून नातं विचारलं. त्याने सांगितलं की नातं नक्की काय आहे याची त्यालाही कल्पना नाही. समोरच्या तीन साहेबांनी आपापसात बरंच बोलून शेवटी ठरवलं की दोष कुणाचाच नाही, पण शंका नको, म्हणून उमेदवाराने पुढच्या खेपेस दुसऱ्या गावी पुन्हा बसावं. लेक आईशी आठ दिवस कामापुरतंच बोलली. नवव्या दिवशी रविवार होता. बाई सकाळी म्हणाल्या, "आता चोरीमारी कशाला? बागेत डास चावतात. घरी बोलाव."

तो आला. पहिल्या रविवारी पाहुण्यासारखा खुर्चीच्या टोकावर बसला. तिसऱ्या रविवारी त्याने स्वतः उठून गॅस पेटवला. लेकीचा घसा बसला की बाई पुस्तक हातात घेत आणि प्रश्न विचारत. "विषारी वायू जमा झाल्याचा संशय आल्यास पाळीप्रमुखाने सर्वप्रथम काय करावं?" त्या ठणठणीत आवाजात विचारत, आणि तो सरळ बसून उत्तर देई. उत्तर चुकलं की बाईंना घाम फुटे. प्रश्न विचारणाऱ्यालाही एवढी धाकधूक होत असेल, हे इतक्या परीक्षा घेऊनही त्यांना माहीत नव्हतं. त्याला त्या पुन्हा तू म्हणायला लागल्या होत्या. कधी लागल्या, हे त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या खेपेला तो पास झाला. पाळी मिळाली, तीही रात्रीची. बाईंना वाटलं, संपलं बुवा, आता रविवारी कोण कशाला येतंय. मनातून त्यांना जरा हुरहुर लागली. पण रविवार आला आणि हा दारात उभा.

"आता कसला अभ्यास?" बाईंनी विचारलं.

"अभ्यास नाही," तो म्हणाला, आणि चपला काढून आत गेला.

बाई स्वयंपाकघरात होत्या. बाहेर दोघांचं कशावरून तरी जुंपलेलं ऐकू येत होतं. लेक म्हणत होती, खिडकीला जाड पडदा हवाच, दिवसा झोपायचं तर उजेड नको. तो म्हणत होता, नको, खाली काय कमी अंधार असतो, झोप नाही लागली तरी चालेल पण ऊन आत येऊ दे. ती म्हणाली, झोप नाही झाली तर खाली तुझं लक्ष राहणार आहे का? तो म्हणाला, मग पातळ लाव. ती म्हणाली, पातळ लावून काय उपयोग?

बाई हात पुसत दारात आल्या. त्यांच्या घरातल्या सगळ्या खिडक्यांना पडदे होते.

"कुणाच्या खिडकीला?" त्यांनी विचारलं.

लेकीने त्याच्याकडे पाहिलं, त्याने लेकीकडे.

"ते अजून ठरायचंय," लेक म्हणाली.

बाईंनी आणखी काही विचारलं नाही. आत गेल्या, आणि तांदूळ दोघींचे घ्यावेत की तिघांचे, की आता एकटीचेच घ्यायची सवय करावी, याचा विचार करत डब्यात हात घालून उभ्या राहिल्या. मग तिघांचे घेतले आणि वर मूठभर आणखी टाकले.